प्रतींची निवड : हेदवी येथील एका छायाचित्रसंग्रहाच्या निमित्ताने

संग्रह वाढला की त्यात द्विरुक्ती शिरते, हा पोथ्यांच्या इतिहासातील जुना अनुभव होय. छायाचित्रे कागदावरून संगणकात गेल्यापासून तोच अनुभव कितीतरी मोठ्या प्रमाणावर येऊ लागला आहे. गुहागर तालुक्यातील हेदवी येथे आमच्या घराण्याची छायाचित्रे एकत्र लावण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले, तेव्हा दशभुज गणपतीचे देऊळ, माघी उत्सव आणि बामणघळीत उसळणारे भरतीचे पाणी यांची तीच ती चित्रे निरनिराळ्या नावांनी पुनःपुन्हा समोर येऊ लागली. त्यांतील कोणती ठेवावीत व कोणती काढावीत, हा प्रश्न वरवर पाहता जागेचा वाटतो. वस्तुतः तो पाठनिर्णयाचा आहे.

छायाचित्रणाचा आरंभ प्रतीविना झाला. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या दागेरच्या पद्धतीत धातूच्या पत्र्यावर उमटलेले चित्र एकमेव असे. टॅलबटने १८४१ मध्ये ज्या पद्धतीचे एकस्व घेतले, तिच्यात कागदी ऋणचित्रावरून अनेक प्रती निघू लागल्या. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८५४ मध्ये. तरीही प्रत्येक प्रतीस श्रम व पैसा पडत असल्यामुळे प्रती मोजक्याच राहत. अंकीय चित्राने हा निर्बंध उठविला. त्याची प्रत काढण्यास क्षणही लागत नाही आणि ती मुळाहून तसूभरही वेगळी नसते.

अशा संग्रहातील द्विरुक्ती दोन प्रकारची आढळते. पहिली समरूप प्रतींची. संगणक प्रत्येक धारिकेतील सर्व अंकांवर गणित करून एक आटोपशीर संख्या काढतो. तिला ‘हॅश’ म्हणतात. धारिकेतील एक अंक बदलला तरी ही संख्या बदलते. यास्तव दोन धारिकांची संख्या एकच आली, तर त्यांतील एक निःशंकपणे काढता येते. दुसरी द्विरुक्ती सदृश प्रतींची. एकच चित्र कोणी कडेने कापलेले असते, कोणी उजळलेले असते, तर कोणी संदेशातून पाठविलेले असते. या शेवटच्या प्रकारात चित्र बहुधा आकाराने घटते आणि कॅमेऱ्याने आत लिहिलेली दिनांकाची नोंद गळते. असे चित्र शोधण्यासाठी संगणक त्याला काही मोजक्या करड्या चौकटींइतके लहान करतो आणि उजेड-अंधाराची मांडणी ताडून पाहतो. ही पद्धत साम्य दाखविते. कोणती प्रत ग्राह्य, हे तिला सांगता येत नाही.

हाच प्रश्न मराठीत ज्ञानेश्वरीच्या बाबतीत उभा राहिला होता. लेखकांच्या हातून शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे तीच परंपरेने स्वीकारली. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी आपल्या मते एकनाथपूर्व असलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. त्या पोथीच्या प्राचीनतेविषयी विद्वानांत मतभेद झाले. परंतु ‘अशुद्ध व अनावश्यक’ म्हणून ती कोणी आधीच नदीत सोडली असती, तर मतभेदालाही आधार उरला नसता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. सी. सुकथनकर यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी जी शिस्त घालून दिली, तिचे मर्म येथेच आहे. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वात व पुढेही, संहितेतून वगळलेले पाठ तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदलेले आहेत. वगळणे आणि नष्ट करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे त्या आवृत्तीचे सूत्र होय.

या सूत्राचे मोल हेदवीस प्रत्यक्ष कळले. देवळाच्या आवारातील उत्सवाचे एक जुने चित्र संग्रहात दोन रूपांत होते. एक यंत्रावर नीट उतरविलेले, स्वच्छ व मोठे. दुसरे कोणीतरी फोनने तिरपे टिपलेले, अंधुक. संगणकाने पहिले ठेवावे व दुसरे काढावे असे सुचविले, आणि लेखकानेही ते काढावयाच्या चित्रांत टाकले होते. शेवटची फेरी करताना दिसले, की तिरप्या चित्रात कागदाची पांढरी कड आली आहे आणि तीवर शाईने ‘देवळांत, माघ शु. ४, शके १८७९’ असे लिहिले आहे. स्वच्छ प्रतीत ही कड कापली गेली होती. म्हणजे हे चित्र १९५८ च्या आरंभीचे ठरते. ‘देवळांत’ यातील अनुस्वारही १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या वळणाचा असून तिथीशी जुळतो. मूळ कागद आता घरात नाही. ते चित्र पुसले असते, तर काळही त्याबरोबर पुसला गेला असता.

तात्पर्य, संग्रह लावताना क्रम पाळावा. प्रथम संपूर्ण संग्रहाची एक प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवावी. नंतर समरूप प्रती यंत्राकडून काढवून घ्याव्यात. सदृश प्रती मात्र डोळ्यांनी पाहाव्यात, आणि त्यांपैकी जी काढावयाची तिच्यातील तिथी, नाव वा हस्ताक्षर राहिलेल्या प्रतीच्या नोंदीत आधी उतरून घ्यावे. धारिकांना वर्ष व स्थळ यांनी आरंभ होणारी नावे द्यावीत. ‘हेदवी’ हा शब्द नावात असला, तर पुढच्या पिढीस शोध तरी घेता येईल. स्वच्छ प्रत डोळ्यांस सुखावते, पण साक्ष पुष्कळदा मळक्या प्रतीकडे असते.