कात्री कोणाच्या हाती?

चित्रकथेची पाने कापून त्यांतून कविता रचायची, ही रीत आपल्याकडे पाश्चात्त्य नवकलेची देणगी म्हणून सांगितली जाते. ते अर्धेच खरे आहे. १९२० साली त्रिस्तान झारा याने कवितेची एक कृती सांगितली: वर्तमानपत्रातले शब्द कापावेत, पिशवीत घालून हलवावेत आणि हाताला येतील तसे मांडावेत. पुढे १९५०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या जेस या चित्रकाराने डिक ट्रेसी या गुप्त पोलिसाच्या वर्तमानपत्री चित्रमालिकेवर कात्री चालवली. चौकटी आणि संवाद उलटेसुलटे चिकटवले. त्या नावाचीच रोमन अक्षरे फिरवून आपल्या मालिकेला 'ट्रिकी कॅड' हे नाव दिले. कायद्याचा रखवालदार स्वतःच्याच कथेत वाट चुकला.

पण तयार माल घ्यायचा, त्यातला मालकाचा अर्थ काढायचा आणि आपला भरायचा, हे काम आपल्या लोकांनी कात्रीवाचून केले आहे. वामनदादा कर्डक १९२२ साली नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडीत जन्मले. अक्षरओळख त्यांना मोठेपणी, मुंबईत झाली. दुकानांच्या पाट्या वाचत ते वाचायला शिकले. १९४३ साली त्यांनी रचलेले पहिले गीत हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते. चाल बाजारातली, शब्द आपले. लोकांच्या ओठांवरच्या चालींवरच आंबेडकरी गायकांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. प्रस्थापित समीक्षेने ही गाणी 'प्रचार' म्हणून बाजूला ठेवली. जेसने केले ती मात्र कला ठरली.

तरी या दोहोंत एक मूलभूत भेद आहे, तो आपण विसरू नये. झाराचा हात पिशवीत आंधळेपणाने जातो. महायुद्ध पाहिलेल्या त्या पिढीचा अर्थावरचाच विश्वास उडाला होता. परंतु ज्याच्या घरी पिढ्यानपिढ्या अक्षर साठले आहे, त्यालाच ते उधळणे परवडते. १९३० ते १९३५ नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार अडवून धरले गेले, तेव्हा सत्याग्रहींना आपला शब्द योगायोगावर सोडता येणार नव्हता.

चित्रकथेतही हेच दिसते. १९७९ साली अमर चित्रकथेने बाबासाहेबांचे चरित्र काढले, ते ठरावीक चौकटींत. २०११च्या 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी त्या चौकटीच नाकारल्या. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांच्या मजकुरात बाबासाहेबांच्या तहानेशेजारी आजच्या अत्याचारांच्या बातम्या येतात. हे जोडकाम डोळे उघडे ठेवून केलेले आहे.

आपल्या तरुण कवींनी चित्रकथा जरूर कापाव्यात. ज्या चौकटीत आपला माणूस राक्षस म्हणूनच येतो, तिथून सुरुवात करावी. पण का कापतो आहोत, हे आधी ठरवावे. आपल्या आयांनी चिंध्या जोडून वाकळ शिवली, ती थंडीत लेकरे झाकण्यासाठी.