घोडा नेईल तिकडे

राजदरबारी नाइटची दीक्षा घ्यायला निघालेला एक पोरगा प्रवासाने थकून घोड्यावरच पेंगतो. लगाम सैल पडतो, घोडा वाट सोडून रानात शिरतो आणि एका झऱ्याशी जाऊन पाणी पिऊ लागतो. पोरगा दचकून जागा होतो. समोर एक म्हातारा; एके काळचा नाइट, आता वैरागी. कुठे निघालास? नाइट व्हायला. नाइट म्हणजे काय ते ठाऊक आहे? नाही. म्हातारा त्याच्या हातात एक पोथी ठेवतो.

मायोर्का बेटावरच्या रामोन ल्युलने १२७५च्या सुमारास कातालान भाषेत नाइटधर्मावर जो ग्रंथ लिहिला, त्याची ही सुरुवात. त्यातली पोथी सांगते की जगात निष्ठा आणि न्याय उरला नाही, तेव्हा लोकांचे हजार-हजारांचे गट केले आणि प्रत्येक हजारातून सगळ्यांत प्रेमळ, शहाणा, इमानी आणि बळकट असा एकेक जण निवडला. मग त्याला शोभेल असं सगळ्यांत उमदं जनावर शोधलं. ते निघालं घोडा.

आपण ‘लाखात एक’ म्हणतो. त्यांचा हिशेब हजाराचा, आणि तो लॅटिन शब्दांवर बेतलेला. ‘मिलेस’ म्हणजे सैनिक, ‘मिले’ म्हणजे हजार. सातव्या शतकातला सेव्हिलचा बिशप इसिदोर शब्दांच्या कुळी लावण्यात हौशी. हजारातून निवडलेला तो ‘मिलेस’, अशीही एक व्युत्पत्ती त्याने नोंदवून ठेवली. त्यातली ‘निवड’ शब्दात मात्र कुठेच नाही. बोलीभाषांना असली हौस नव्हती. फ्रेंच ‘शव्हालिए’, स्पॅनिश ‘काबायेरो’, जर्मन ‘रिटर’, सगळ्यांचा अर्थ स्वार. इंग्रजी ‘नाइट’ तर मुळात पोऱ्या किंवा चाकर. आपल्या शिलेदाराचीही ओळख हीच ना, की घोडा स्वतःचा. पण कथेला नुसता स्वार पुरत नाही. तिला निवडलेला माणूस लागतो.

तो ल्युलच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीच फ्रेंच काव्यात आला होता. क्रेतियाँ द त्र्वाचा पर्सिव्हाल रानात वाढलेला. बाप आणि दोन्ही थोरले भाऊ नाइटगिरीपायी गेले, म्हणून आईने त्याला शस्त्राचं नावसुद्धा कानी पडू दिलेलं नाही. एक दिवस झाडीत खडखडाट होतो. हे सैतान, असं त्याला वाटतं. उन्हात चिलखतं झळकतात तेव्हा वाटतं, देवदूत. हा भाला कशाचा, ही ढाल कसली, तुम्ही असे लोखंडासकट जन्मलात का, असं तो विचारत सुटतो. मग घर सोडतो. मागे वळून पाहतो तर पुलाच्या टोकाशी आई कोसळलेली. तो घोड्याला छडी मारतो आणि पुढे जातो. पुढे ग्रेल या पवित्र पात्राच्या वाड्यात, प्रश्न विचारायच्या ऐन वेळी त्याची वाचा बसते ती याच पापाने, असं काव्यातच येतं. पाचारणाची किंमत इतक्या उघडपणे सांगणारी दुसरी कथा मला ठाऊक नाही.

मात्र ज्याने आपणहून वाट धरली असं वाटतं, त्याच्या अंगात रक्त नाइटचंच असतं. १२००च्या सुमारास रोबेर द बोरोंने दगडावरच्या ऐरणीत तलवार रोवली. ती उपसतो तो साधा पोर वाटणारा आर्थर, पण निघतो राजाचा मुलगा. हजारातून एक निवडणारा ल्युलदेखील पुढे कुळाची अट घालतोच. निवडीची ही गोष्ट निम्मी लबाडीची आहे.

ती खरी मानणारे वाचकही निघाले. १५२१मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला लोयोलाचा इग्नेशियस अंथरुणात पडून वीरकथा मागत होता. घरात मिळाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. बरा होऊन निघाला तर वाटेत एक मुसलमान स्वार मेरीच्या कौमार्यावरून वाद घालून पुढे गेला. त्याला गाठून सुरा भोसकावा का? ठरेना. इग्नेशियसने फाट्यावर खेचराचा लगाम सोडला. खेचर दुसऱ्या वाटेला वळलं. मग मोन्सेरातच्या देवळात, ‘आमादिस’ या कादंबरीतल्या वीरासारखा, त्याने रात्रभर शस्त्रजागर केला आणि सकाळी तलवार तिथेच ठेवली. त्याने स्थापलेल्या येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली १५४०मध्ये. दोन वर्षांत संघातला फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला.

१६०५मध्ये सर्व्हांतेसने कादंबरीत या सगळ्याची गंमत केली. पन्नाशीला टेकलेला डॉन किहोते घराबाहेर पडतो आणि त्याचा घोडा रोसिनांते नेईल तिकडे जातो. त्यातच साहसाचं मर्म आहे अशी त्याची समजूत. खाणावळीला तो गढी समजतो. मालक गवत आणि सातूच्या हिशेबाची वही उघडतो, प्रार्थना म्हटल्यासारखं पुटपुटतो, त्याच्या खांद्यावर तलवार टेकवतो. झाला नाइट! हसू येतं खरं. पण याला ना कुणी हजारातून निवडलं, ना ऐरणीने साक्ष दिली. घोड्याचं नाव त्याने निवडलं, स्वतःचंही नाव निवडलं. लगाम सोडण्यापूर्वी बाकी सगळं त्याने स्वतःच ठरवलेलं होतं. माझं मत विचाराल तर ‘घेतला वसा’ म्हणावं असं या सगळ्यांत त्याचंच.

सर्व्हांतेस १६१६च्या एप्रिलमध्ये माद्रिदला वारला. त्याच वर्षी गोव्यात राशोलला इग्नेशियसच्या संघातल्या थॉमस स्टीफन्सचं मराठी ओव्यांतलं ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघालं.