वर्षावासातही उजेड देणारे विहाराचे आवार : सौरदिव्यांचा हिशोब

रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक बौद्धवाड्यांत विहाराभोवती थोडी मोकळी जागा असते. एखादा पिंपळ, दोन-चार चाफे, बसायला जांभ्याचा कट्टा. ही जागा संध्याकाळी वापरता यावी म्हणून सौरदिवे बसवले जातात, बहुधा बुद्धपौर्णिमेच्या सुमारास, मुंबईकर मंडळी गावी आलेली असताना. वैशाखात ते रात्रभर चालतात. पण विहाराला उजेडाची खरी गरज असते ती आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. वर्षावासाच्या या तीन महिन्यांत संध्याकाळी वंदना होते, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, आणि नेमके तेव्हाच ऊन नसते. म्हणून कोकणातल्या विहारासाठी दिवे घेताना हिशोब वैशाखाचा नव्हे, आषाढाचा करावा.

आवाराची आखणी

आधी वाट, मग कट्टा, मग शोभा, हा क्रम ठेवावा. पाखाडीच्या पायऱ्या पावसात शेवाळतात. फुरशासारखा विषारी साप पाचोळ्यात दिसत नाही. वृद्ध उपासिका आणि लहान मुले येतात ती वाट पहिल्यांदा उजळली पाहिजे. ध्यानाच्या कट्ट्याजवळ दिवा डोळ्यांत जाणार नाही असा, कट्ट्याच्या मागे किंवा गुडघ्याच्या उंचीवर लावावा.

नवा पिंपळ लावायचा तर इमारतीपासून निदान ३० फूट लांब. त्याची मुळे जोत्यात आणि भिंतीत शिरतात. बकुळ, प्राजक्त, सोनचाफा, सीताअशोक कोकणात चांगले वाढतात. मात्र पॅनेलवर झाडाची सावली पडता कामा नये. पॅनेलच्या थोड्या भागावर सावली असली तरी वीजनिर्मिती बरीच घटते. सावली टाळता येत नसेल तर पॅनेल विहाराच्या छपरावर बसवून तिथून वायर आणावी.

पॅनेल आणि बॅटरी

५ वॉटचा एक एलईडी दिवा धरू. संध्याकाळी ७ ते १० पूर्ण प्रकाश म्हणजे १५ वॉट-तास. पुढे सकाळी ६ पर्यंत १ वॉटवर मंद ठेवला तर ८ वॉट-तास. रात्रीची एकूण गरज २३ वॉट-तास. वायर, बॅटरी आणि कंट्रोलरमधली घट धरून पॅनेलकडून सुमारे ३३ वॉट-तास मिळायला हवेत.

उन्हाळ्यात दिवसाला पाच तास पूर्ण ऊन धरता येते. ७ वॉटचे पॅनेलही पुरते. आषाढ-श्रावणात अडीच तासच धरावेत. मग १३ वॉटपेक्षा मोठे पॅनेल लागते. झडीनंतर बॅटरी पुन्हा भरून निघावी म्हणून ते २० वॉटचे घ्यावे.

बॅटरी सलग तीन ढगाळ रात्री पुरेल अशी हवी. त्यासाठी ६९ वॉट-तास लागतात. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच वापरावी, हे धरता १२.८ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी योग्य ठरते. हाच दिवा ११ तास पूर्ण प्रकाशात ठेवला तर ५५ वॉट-तास लागतील आणि ती बॅटरी दोन रात्रीही टिकणार नाही. म्हणून प्रकाश आपोआप मंद होण्याची सोय असलेलाच दिवा घ्यावा. खोक्यावरच्या मोठ्या वॉटच्या आकड्यावर जाऊ नये. पॅनेलचे वॉट आणि बॅटरीचे अँपिअर-तास बिलावर लिहून मागावेत.

उजेड किती आणि कसा

२७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश डोळ्यांना शांत वाटतो आणि त्याकडे किडेही कमी येतात. दिव्याचे तोंड जमिनीकडे असावे. पावसाच्या तोंडावर कोकणात काजवे चमकतात. झगझगीत उजेडात त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. त्या दिवसांत झाडांकडचे दिवे बंद ठेवावेत. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि पिल्ले उजेडाच्या दिशेने भरकटतात. किनाऱ्यालगतच्या विहाराचा दिवा समुद्राकडून दिसू नये.

खारी हवा, पाऊस, वादळ

पॅनेल दक्षिणेकडे, १५ ते २० अंश कलते बसवावे. रत्नागिरी साधारण १७ अक्षांशावर आहे. खांब गॅल्व्हनाइज्ड आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. साधे लोखंड खाऱ्या हवेत लवकर गंजते. दिवा निदान आयपी ६५ दर्जाचा घ्यावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडची अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती. अशा वेळी विहाराचा दिवा साऱ्या वाडीला उपयोगी पडतो. पण खांबाला काँक्रीटचा पाया हवा, आणि वादळाचा इशारा मिळताच पॅनेल उतरवता आले पाहिजे.

देखभाल

ज्येष्ठात, पावसाआधी, पॅनेल पुसणे, वायरचे जोड तपासणे आणि फांद्या छाटणे ही कामे उरकावीत. वाडीतल्या दोन तरुण-तरुणींनी ती अंगावर घ्यावीत आणि तारखांची वही ठेवावी. काही वर्षांनी बॅटरी बदलावीच लागते. तेव्हा दान घेतानाच रकमेचा काही भाग बॅटरीसाठी बाजूला ठेवावा आणि तसा ठराव सभेत करावा. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी.

दहा दिवे घेण्याइतके पैसे जमले असतील, तर या हिशोबाने चारच येतील. चारच घ्यावेत. आषाढातल्या अंधाऱ्या संध्याकाळी ग्रंथवाचन ऐकून घरी परतणाऱ्या आजीला पाखाडीची पायरी दिसली, म्हणजे दान कामी आले.