अंगावर काढणं

दोन पाळ्यांच्या मधेच डाग दिसला की आमच्या घाटकोपरच्या चाळीत उत्तर ठरलेलं असायचं, "उष्णता झाली असेल, सब्जा घे." चाळिशी उलटलेली असेल तर, "आता पाळी जायची वेळ आली, चालायचंच." अंगावरून जाणं आणि अंगावर काढणं, मराठीत दोन्ही किती शेजारी शेजारी राहतात!

हे नुसतं चाळीतलं नव्हतं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची पाहणी केली. ती १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या? जेमतेम ८ टक्के.

मुंबईत १९९८ पासून टाटा हॉस्पिटलने झोपडपट्ट्यांत काम सुरू केलं. दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड लावायचं, पांढरा चट्टा उमटला तर पुढची तपासणी. म्हणजे रक्त जायला लागण्याआधीच आजार पकडायचा. सुमारे दीड लाख बायका, त्यातल्या निम्म्यांसाठी ही तपासणी. २०१३ मध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी निकाल मांडला: या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. उरलेल्या निम्म्यांना नुसती माहिती दिली, म्हणून टीकाही झाली.

मधेच रक्त जाण्याची कारणं बहुधा साधी असतात: हार्मोन्स, गोळ्या, फायब्रॉइड, जंतुसंसर्ग. पण आपलं कारण साधंच आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. मावशी, काकू, वहिनी... वाचताय ना?