वऱ्हाडांतील लमाण व फौजांचा धान्यव्यापार

ज्या रयतेस युद्ध नको असतें तिचें घर त्यांत लुटलें जातें, आणि ज्यांचा कोणत्याच पक्षाशीं हेवादावा नाहीं त्यांस त्यांत रोजगार मिळतो. यवतमाळ जिल्ह्यांत पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूंस जे लमाणांचे तांडे वसलेले आहेत, त्यांच्या पूर्वजांविषयीं असा आक्षेप सहज घेतला जातो. तो कितपत खरा हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘बंजारा’ हा शब्द संस्कृत ‘वाणिज्यकार’ यावरून व ‘लमाण’ हा ‘लवण’ यावरून साधितात. दुसरी व्युत्पत्ति आम्हांस अधिक सरळ वाटते. मीठ हा त्यांच्या गोणींतला नित्याचा माल होता.

वऱ्हाडची परंपरा अशी कीं, 1630 च्या सुमारास शहाजहानचा वजीर असफखान याच्या फौजेबरोबर भंगी व जंगी हे नाईक 1,80,000 बैल घेऊन दक्षिणेंत आले, आणि सोनेरी अक्षरांचा ताम्रपट मिळून त्यांस रोजचे तीन खून माफ झाले. रसेल व हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथांत ही हकीकत आली आहे. परंतु परंपरेंत ‘असफजाह’ असेंही नांव येतें, आणि ती पदवी ऐकतांच 1748 त वारलेला पहिला निजाम आठवतो. दोघांत शतकाचें अंतर आहे. मूळ पाठ पाहिल्यावांचून सन धरूं नये, असें आमचें मत आहे. बैलांचा आकडाही तपासावा. बैलामागें दोन मण धरले तरी 3,60,000 मण धान्य होतें. माणशीं रोज शेर या हिशेबानें तें एक लक्ष माणसांस जवळजवळ पांच महिने पुरेल. एका खेपेस इतकें आलें असेल, हें आम्हांस पटत नाहीं.

व्यापाराची रीत मात्र संशयातीत आहे. जेथें स्वस्ताई तेथें धान्य घ्यावयाचें व छावणीच्या बाजारांत विकावयाचें. उभय पक्षांस त्यांची गरज, म्हणून दोन्ही फौजांतून त्यांस वाट मिळे. टिपूवरील 1791–92 च्या मोहिमेंत कॉर्नवॉलिसच्या सैन्यासाठीं कॅप्टन रीड यानें त्यांसच गांठलें.

1803 त असई, आडगांव व गाविलगड येथें शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. 17 डिसेंबरच्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. रयतेस कोणी विचारलें नाहीं. त्याच सुमारास वऱ्हाडांत दुष्काळ पडला. फौजेची गोणी आणि कुणब्याची भाकर एकाच पेंवांतून निघे, हें नाकारतां येत नाहीं. तेव्हां आक्षेपांत तथ्य आहे. पण नफा कोणाचा? करार करणारा नाईक वेगळा, आणि उन्हापावसांत बैल हांकणारीं बायामाणसें वेगळीं. बैल मेला तर तोटा तांड्याचाच. तीन खून माफ असल्याची कथा सांगणाऱ्यांनीं या बैलांचा हिशेब मांडल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

17 एप्रिल 1818 रोजीं याच जिल्ह्यांत, पांढरकवड्याजवळील शिवणी येथें, कर्नल ॲडम्सनें बाजीरावाच्या फौजेची दाणादाण केली, आणि 3 जून रोजीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. शांतता झाली तसा तांड्यांचा मोठा गिऱ्हाईक नाहींसा झाला. 1867 त रेल्वे नागपुरास पोहोंचली व मिठाचा धंदाही बसला. पुढें 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा अनेक बंजारा टोळ्यांस लागू झाला. तो 1952 त रद्द झाला. ज्यांच्या गोण्यांवर सरकारच्या पलटणी पोसल्या, त्यांस त्याच सरकारनें चोर ठरविलें!

नाइकांच्या घराण्यांतील परवाने, कौलनामे अथवा ताम्रपट कोणा संग्राहकाकडे असल्यास त्याची नक्कल मंडळाकडे धाडावी, अशी विनंति आहे. मोडी वाचण्याची अडचण असेल तर ती आम्ही वाचून देऊं.