गुराब, गलबत आणि मतलई वारा

कोकणच्या किनाऱ्यावर ज्या कोळ्यांनी, भंडाऱ्यांनी आणि दालद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर उपजीविका केली, त्यांचे नौकाशास्त्र ग्रंथांत नव्हे, त्यांच्या बोलीत सुरक्षित राहिले. उत्तररात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो तो मतलई वारा. अमावास्या-पौर्णिमेस चढते ते उधाण. अष्टमीच्या सुमारास मंदावते ती भांगाची भरती. मतलईवर शीड उभारून बाहेर पडावे आणि दुपारच्या पश्चिमेच्या वाऱ्यावर खाडीत परतावे, हा नाखवा, तांडेल आणि खलाशी यांचा दिनक्रम होता.

1657 साली कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर शिवाजी महाराजांनी आरमार उभारले ते याच लोकांच्या आणि याच ज्ञानाच्या बळावर. या आरमारातील गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, उथळ तळाची आणि पुढे लांब निघालेल्या नाळेची असे, व तिच्या मुख्य तोफांचे तोंड नाळेवरूनच पुढे रोखलेले असे. गलबत तिच्याहून लहान, पण शिडाच्या जोडीला चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे. वारा पडला आणि शत्रूचे अवजड जहाज जागच्या जागी खिळले, की गलबते गुराबांना दोरखंडांनी ओढीत त्याच्या पिछाडीस नेत, जेथे त्याच्या बाजूच्या तोफा निरुपयोगी ठरत. सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या दस्तकावाचून या किनाऱ्याने व्यापार करणे परकी सावकारांस दुर्घट झाले, त्याचे एक मर्म या डावपेचात होते.

परंतु जहाज पाण्यावर तरंगते ते जमिनीच्या आधाराने, हे रामचंद्रपंत अमात्यांइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी जाणले असेल. आज्ञापत्रातील आरमारविषयक प्रकरणात आरमाराची नेमणूक बंदरांच्या उत्पन्नावर ठेवू नये, कारण त्यायोगे सावकारांस उपद्रव होऊन बंदरेच बुडतील, असे त्यांनी बजावले. पावसाळ्यापूर्वी आरमाराची छावणी सुरक्षित बंदरात करावी, पण आरमारी लोकांचा जाच एकाच मुलखास होऊ नये, याचीही दक्षता घेतली. आंबा आणि फणस ही लाकडे आरमाराच्या उपयोगाची खरी. तथापि ही झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असल्यामुळे ती बळाने तोडू नयेत, अगदीच जीर्ण झालेले झाड धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे, असा त्यांचा दंडक होता. तोफा आणि गोळे यांच्या शेजारी परसातील फणसाचीही चिंता वाहणारे हे राज्यशास्त्र होते.

पुढे कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्या पारिपत्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या आश्रयास एकमेकांशी जखडून उभ्या असलेल्या जहाजांपैकी रेस्टोरेशन या, पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेल्या, जहाजास तोफांच्या माऱ्याने आग लागली आणि ती पसरत जाऊन सारा तांडा भस्मसात झाला. आनंदराव धुळपांसारख्या सरदारांनी पेशव्यांच्या आरमाराचा लौकिक त्यानंतरही काही काळ राखला; पण आंग्र्यांचा दरारा पुन्हा निर्माण झाला नाही. वाऱ्यावादळांना, सिद्दीला आणि फिरंग्यांना पुरून उरलेले हे आरमार स्वकीयांच्याच निमंत्रणाने आलेल्या शत्रूने खाडीत जाळले, ही आपल्या दर्यावर्दी इतिहासातील सर्वांत महाग पडलेली राजनीती होय.