अजब बंगल्यातले तीर्थंकर

आमच्या इच्छापुराहून महाराष्ट्राची हद्द अगदी हाकेच्या अंतरावर. तरी नागपूरशी आमचं जुनं नातं आहे. १८६४ मध्ये निमाड जिल्हा मध्य प्रांताला जोडला गेला, तेव्हापासून १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर! तिथलं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चं. लोक त्याला 'अजब बंगला' म्हणतात. पेंढा भरलेले प्राणी, नाणी, शस्त्रं, शिलालेख, आदिवासींच्या वापरातल्या वस्तू, असं काय काय तिथे आहे.

१८७५ मध्ये राजनांदगावच्या महंत घासीदासांनी रायपूरलाही संग्रहालय काढलं. सिरपूरच्या सुंदर बौद्ध धातुमूर्ती तिथे आहेत. पुढे प्रांत मोडला, राज्यं बदलली. आता एकाच जुन्या प्रांताचा ठेवा महाराष्ट्रात, छत्तीसगडात आणि मध्य प्रदेशात वाटला गेलाय. भावांच्या वाटणीत आईची भांडी घरोघर जावीत, तसा.

अजब बंगल्यात आपल्यासाठी खास काय, तर राजनापूर खिनखिनीच्या जैन धातुप्रतिमा. हे गाव अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात. वऱ्हाडातल्या एका लहानशा गावी एवढा ठेवा मिळाला, म्हणजे त्या भागात कधीकाळी श्रावकांची भरली घरं असणार.

'आपले देव काचेत कोंडले, ना प्रक्षाळ ना आरती!' असं आपल्या बायकांना वाटतं. मलाही वाटतं. पण दुसरी बाजूही बघायला हवी. मंदिरात रोजच्या प्रक्षाळाने, घासण्यापुसण्याने जुन्या प्रतिमेचे डोळे-नाक झिजतात, तशी मागची अक्षरंही झिजतात. आणि त्या अक्षरांत आपल्याच आज्या-पणज्या असतात. मध्ययुगातल्या कितीतरी धातुप्रतिमांच्या पाठीवर संवत, प्रतिष्ठा करणारे आचार्य, दान देणारं कुटुंब, त्यातल्या आईचं, भार्येचं नाव कोरलेलं आढळतं. बडोद्याजवळ अकोटा इथे १९५१ मध्ये सापडलेल्या प्रतिमांपैकी जीवंतस्वामींची एक प्रतिमा नागीश्वरी नावाच्या श्राविकेने दिलेली आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची ही बाई! पोथ्यांत राजे सापडतात, आचार्य सापडतात. घरातली बाई सापडते ती अशी, देवाच्या पाठीमागे.

म्हणून मला वाटतं, आपलं संग्रहालय नागपूर-रायपूरला संपत नाही. त्याची एकेक खोली आपल्या गावच्या मंदिरात, देवघरात आहे. पूजा थांबवायची गरज नाही. पण मैत्रिणींनो, जुनी प्रतिमा पॉलिशला देण्याआधी, जीर्ण म्हणून विसर्जित करण्याआधी तिला जरा वळवून बघा. अक्षरं दिसली तर फोटो घ्या, जाणत्याकडून वाचून घ्या, प्रतिमा कुठून आली ते म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत टिपून ठेवा. धातू चकचकीत पुन्हा करता येतो. पुसलेलं नाव मात्र कुठल्याही बंगल्यात मिळत नाही.